उरलेली अकरा मिनिटं

लातुरात, ट्यूशन एरियात, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सहाजणी एका चादरीखाली,
आणि मध्ये एक फोन,
तरन्नुमनं उदगीरहून शेवयांच्या डब्यात दडवून आणलेला.
काच कोपऱ्यातून तडकलेली.
तडा नेमका त्या ग्रहावरून जायचा,
म्हणून आम्हाला वाटायचं, तिथं नदी आहे.

मालिकेचा सहावा भाग.
लांबच्या एका चंद्रावर खाण, खाणीत माणसं,
आणि हवा मोजून मिळते.
आठवड्याला माणशी चार नळकांडी.
रांग. हातावर शिक्का. शिक्का पुसला की श्वास बंद.
देवकन्या म्हणाली, "अगं बाई, हे तर लातूरच की.
आपल्याकडं पाणी रेल्वेनं आलतं,
यांच्याकडं हवा येती."
आम्ही उशीत तोंड खुपसून हसलो.
पंचशीला हसली नाही.
म्हणाली, "ह्यांनी रांग मोडाया पाहिजे."

बंड तसं एवढंसंच होतं.
मोजणीच्या वेळी एक म्हातारी खाली बसली.
मग तिच्या शेजारचा.
मग पाचशे माणसांच्या गुडघ्यांचा आवाज
त्या बारक्या स्पीकरमधून
वाळल्या करडईवरून बैलगाडी गेल्यासारखा.
तरन्नुमनं माझं मनगट धरलं होतं.
सोडलं तेव्हा तिथं चार बोटं उठलेली.

त्यांच्यातच एक पोरगा होता,
हवेचा हिशोब लिहिणारा, नखांत शाई.
रात्री तो उठतो, साहेबाच्या दारापाशी जातो,
वाजवायला हात उचलतो.
पडद्यावर नुसता हात.
आणि आमच्या खोलीतली ट्यूब लागली.
दारात सूर्यवंशी मॅडम, स्वेटरवर ओढणी,
"आणा इकडं."
अकरा मिनिटं उरली होती.

हे मी आधी सांगायला हवं होतं.
दुपारी, मेसच्या वहीत सही करताना,
मॅडमना मीच सांगितलं.
कुणी दम दिला नव्हता.
रविवारी आईला एक जास्तीचा फोन,
दहा मिनिटं, एवढ्यावर ठरलं.
आई म्हणाली, जेवलीस का,
म्हणाली, म्हैस आटली,
मग दोघींनाही काही सुचेना
आणि तीन मिनिटं तशीच उरली.

सकाळी अभ्यासिकेत उभ्यानं हजेरी.
चौऱ्याण्णव मुली, चौऱ्याण्णव आकडे.
आकडा आला तशी पंचशीला खाली बसली.
फरशीवर. बोलली काहीच नाही.
मग देवकन्या. तरन्नुम. मागच्या दोघी.
मग ज्यांनी मालिका पाहिलीच नव्हती त्याही,
उगाच, पाय दुखत होते म्हणून असेल.
मीही बसले.
तरन्नुमनं सरकून मला जागा करून दिली.
सांगितलं त्याचं मी कधीतरी मिटवीन स्वतःशी,
पण ती जागा,
तिच्या ओढणीनं पुसलेली ती एक फरशी,
तिचं काय करू.

पंचशीलेचे वडील कंधारहून आले.
गादी गुंडाळली, सुतळीनं बांधली,
गाठ दोनदा तपासली.
जिन्यात मला म्हणाले, "तुम्ही तरी नीट शिका, ताई."

आता हिंगोलीत रात्रपाळी असते.
सलाईन संपायची वाट बघताना
कधी कधी सहावा भाग लावते.
देवकन्येनं एकदा शेवट सांगायला घेतला होता,
मी म्हटलं, रेंज नाही, आवाज तुटतोय.
या फोनला तडा नाही,
त्यामुळं त्या ग्रहावर आता नदीही नाही.
म्हातारी बसते, करडई मोडते,
पोरगा उठतो, चालत येतो,
हात वर जातो,
आणि मी थांबवते.

वॉर्डात कुणीतरी खोकतं.
त्याच्या नखांतली शाई मोठी करून बघते.
दार अजून वाजलेलं नाही.